केळीच्या पानाचे फोटो, जेपेग आणि ईईजी: ‘फोटो बिघडला’ हे मेंदूकडून कळेल का?

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात करपा रोग पडलेल्या पानांचे फोटो मोबाइलवरून सल्लागाराकडे जातात. मेसेजिंग अॅप फोटो आधी लहान करतं, मग दाबतं (कॉम्प्रेस करतं). पलीकडे पोचेपर्यंत बारीक पिवळ्या रेघा राहतात की पुसल्या जातात, हे कुणी मोजत नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पासाठी असा आराखडा केला आहे:

पानांचे ६ मूळ फोटो. प्रत्येकाच्या जेपेग क्वालिटी ९०, ७०, ५०, ३० आणि १० अशा पाच प्रती. ८ चॅनेलचा ओपनबीसीआय सायटन बोर्ड. १५ ते २० माणसं. फोटो पडद्यावर दाखवायचे आणि ईईजी, म्हणजे टाळूवरच्या इलेक्ट्रोडमधून मेंदूच्या विजेची नोंद, घ्यायचा.

प्रश्न तीन:
१. ईईजीत दिसणाऱ्या प्रतिसादांपैकी पी३०० घ्यावा की एसएसव्हीईपी?
२. आठच इलेक्ट्रोड असतील तर कुठे लावावेत?
३. १ ते ५ गुण द्यायला लावण्याची जुनी पद्धत यामुळे सोडता येईल का? माझं मत, येईल. गुण देताना माणूस भिडेखातर ‘बरा आहे की’ म्हणतो. मेंदू खोटं बोलत नाही.

भरीतपार्टी

मेंदू खोटं बोलत नाही, पण मेंदू आणि इलेक्ट्रोड यांच्या मधे खोबरेल तेल असतं. त्याचं काय करणार?

पांझरा_पूल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जेपेगसाठी एसएसव्हीईपी. कारण साधं आहे. पी३०० म्हणजे ‘अरे, हे वेगळं आलं’ या क्षणानंतर साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात, पीझेडला, दिसणारी धन लाट. ती ५ ते १५ मायक्रोव्होल्टची. त्यासाठी वेगळा फोटो क्वचित यावा लागतो, १० ते २० टक्के वेळा. म्हणजे ८० ते ९० टक्के वेळ मूळ फोटोच दाखवण्यात जातो. शिवाय एकदा बघून सरावलं की नवल ओसरतं आणि लाट बसते.

एसएसव्हीईपीत मूळ फोटो आणि दाबलेला फोटो ठरावीक तालात आलटूनपालटून दाखवायचे. दोघांत फरक दिसत असेल तर मेंदूचा मागचा भाग त्याच तालावर डोलतो. फरक दिसत नसेल तर पडदा त्याच्या दृष्टीने स्थिर असतो, त्या वारंवारितेला काहीच उठत नाही.

ताल मात्र पडद्याच्या हिशोबाने निवडा. ६० हर्ट्झचा मॉनिटर एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद दाखवतो. १० फ्रेम मूळ, १० फ्रेम दाबलेला, म्हणजे २० फ्रेमचं एक आवर्तन, म्हणजे ३ हर्ट्झ. २० अधिक २० घेतल्या तर १.५ हर्ट्झ. ७ हर्ट्झ हवे म्हणाल तर ६० ला ७ ने भाग जात नाही, ताल लंगडतो. ८ ते १२ हर्ट्झच्या वाटेला जाऊ नका. तिथे अल्फा, म्हणजे निवांत मेंदूची स्वतःची लाट, बसलेला असतो, कंटाळलेल्या माणसाचा तर फारच.

१० सेकंदांची खिडकी घेतली की एफएफटीचा (सिग्नल वारंवारितांमध्ये फोडण्याच्या हिशोबाचा) एकेक कप्पा ०.१ हर्ट्झचा होतो. ३ हर्ट्झ बरोबर तिसाव्या कप्प्यात पडतं. त्या कप्प्याची उंची भागिले आजूबाजूच्या दहा-दहा कप्प्यांची सरासरी (लगतचा एकेक सोडून), हा तुमचा सिग्नल-नॉइज. ६ आणि ९ हर्ट्झचे हार्मोनिकही (३ च्या पटीतल्या लाटाही) बघा, कधी कधी मूळ तालापेक्षा तेच ठळक असतात.

तापी_आळस

पुष्कळ मॉनिटर ६० म्हणून सांगतात आणि ५९.९४ वर चालतात. मग ताल ३ नाही, २.९९७.

पांझरा_पूल

बरोबर. १० सेकंदांच्या खिडकीत तो ०.००३ चा फरक कप्प्याच्या तीन टक्के भरतो, सोडून द्या. पण कुणी हौसेने १०० सेकंद सलग जोडून एकच एफएफटी काढली तर कप्पा ०.०१ हर्ट्झचा होतो, तोच फरक कप्प्याचा तिसरा हिस्सा खातो आणि शिखर शेजारी गळतं. त्यामुळे दर तुकड्याची स्वतंत्र एफएफटी काढा, आणि खरा दर मोजून घ्या.

दहा_वीस

दुसरा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून सविस्तर.

आठ चॅनेल (ही टाळूवरच्या ठरलेल्या जागांची नावं, ओझेड म्हणजे मागचा मध्य): ओझेड, ओ१, ओ२, पीओझेड, पीओ७, पीओ८, पीझेड, आणि आठवा डोळ्यांच्या उघडझापीसाठी एफपी१. संदर्भाचा इलेक्ट्रोड कानामागच्या हाडावर, मास्टॉइडवर. कानाच्या पाळीची चिमटी सोपी वाटते, पण आपल्याकडे बायकांच्या पाळीत डूल, वेल असतात. काढा म्हणण्यापेक्षा हाड बरं. ग्राउंडचा इलेक्ट्रोड कपाळावर, तिथली पावडर आणि टिकलीचा डिंक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून.

माप असं: नाकाच्या मुळाशी खळगी असते तिथून डोक्यावरून मागे, मानेच्या वर हाडाचा उंचवटा लागतो तिथपर्यंत टेप धरा. समजा ३६ सेंटिमीटर भरलं. उंचवट्यापासून दहा टक्के वर, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर, ओझेड. आता डोक्याचा घेर घ्या. ५६ असेल तर ओझेडपासून पाच टक्के, २.८ सेंटिमीटर, डावीकडे ओ१ आणि उजवीकडे ओ२. घट्ट वेणी किंवा अंबाडा नेमका त्या उंचवट्यावर बसतो. केस मोकळे सोडून यायला आधीच सांगा.

तेलाचं भरीतपार्टी चेष्टेने म्हणाले, पण खरं तेच आहे. आदल्या रात्री शाम्पूने दोनदा धुणं, कंडिशनर नाही, सकाळी तेल नाही. हे बोलावण्याच्या कागदावर ठळक छापा. तरी चार जण तेल लावून येतीलच, त्यांच्यासाठी खोलीजवळ पाणी, शाम्पू आणि टॉवेल ठेवा. केसांचा भांग पाडून टाळू उघडी करायची, खरखरीत जेल कापसाच्या काडीला घेऊन चार-पाच वेळा हलकं फिरवायचं, लाल होईपर्यंत नाही. मग इलेक्ट्रोडच्या वाटीत पेस्ट भरून दाबायचं आणि वर गॉजचा तुकडा. साध्या, म्हणजे अॅक्टिव्ह नसलेल्या इलेक्ट्रोडला इम्पीडन्स (टाळू आणि इलेक्ट्रोडच्या जोडणीतला विजेचा अडथळा) ५ किलोओमच्या खाली आणा, फार तर १०. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे सगळे सारखे हवेत. एक ३ वर आणि संदर्भ ४० वर असेल तर विजेची घरघर वजा होत नाही.

पेस्ट जास्त झाली की ओ१ आणि ओझेडमध्ये पूल बनतो. ओळखायचं कसं? दोन्ही रेघा हुबेहूब एक दिसतात. नवशिके खूष होतात, ‘काय स्वच्छ सिग्नल आहे!’

आणि सोन्याच्या वाट्या व चांदी-क्लोराइडच्या वाट्या एकाच डोक्यावर मिसळू नका. दोन धातूंमध्ये स्थिर व्होल्टेज उभं राहतं. सायटनची एडीएस१२९९ चिप २४ च्या गेनवर (सिग्नल २४ पट वाढवताना) जेमतेम १८७ मिलिव्होल्ट दोन्ही बाजूंना सोसते, त्यापुढे चॅनेल ठप्प.

अहिराणी_भो

डोकाले तेल चोपडीसन बठना तं मशीन काय सांगी! आन बठ्ठा फोटो सारखाच दिखतस भो, मना मेंदूले काय ईचारतस?

दहा_वीस

हसू नका, ‘बठ्ठा सारखाच दिखतस’ म्हणणाराच या प्रयोगाला हवा. त्याच्या तोंडून फरक निघत नाही आणि ओझेडवर ३ हर्ट्झला उठतंय का, हेच तर बघायचं आहे.

गिरणाकाठ

धागाकर्त्याच्या तिसऱ्या मुद्द्याला कडक असहमती.

‘मेंदू खोटं बोलत नाही’ हे वाक्य ऐकायला छान आहे. पण मेंदूला प्रश्न कोणता विचारला? ‘हे दोन फोटो वेगळे आहेत का?’ हाच. ‘यातला वाईट कुठला?’ हा नाही. फोटोला थोडं शार्पनिंग मारा, रंग जरा गडद करा. मूळ फोटोशी आलटूनपालटून दाखवलात तर जोरदार एसएसव्हीईपी मिळेल. आणि त्याच माणसाला विचारलंत तर तो म्हणेल, हा दुसरा जास्त चांगला आहे. लाट फरकाची आहे, तक्रारीची नाही.

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीटी.५०० या शिफारशीत बिघाडाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे ती आठवा. ५: बिघाड दिसत नाही. ४: दिसतो, पण खटकत नाही. ३: थोडा खटकतो. २: खटकतो. १: फार खटकतो. ५ आणि ४ मधली रेघ ही दिसण्याची आहे. ती ईईजीने ओढा. ४ पासून १ पर्यंतच्या रेघा खटकण्याच्या आहेत. त्या माणसाच्या तोंडूनच घ्यायच्या.

पांझरा_पूल

गिरणाकाठ, अर्धं पटलं. बर्लिनच्या गटाने २०१२ मध्ये आयईईईच्या इमेज प्रोसेसिंगच्या नियतकालिकात व्हिडिओवर काम छापलं होतं. त्यात बिघाड जितका मोठा तितका पी३०० मोठा. पुढे त्याच मंडळींनी एसएसव्हीईपीवर काम केलं, आणि लाटेची ताकद बिघाडाच्या मात्रेबरोबर चढते, लोकांच्या सरासरी गुणांशीही ती बऱ्यापैकी जुळते, असं दाखवलं. म्हणजे नुसतं ‘दिसलं-नाही दिसलं’ एवढंच नाही, मात्राही कळते.

गिरणाकाठ

जुळते, कारण त्यांनी एकाच जातीचा बिघाड कमी-जास्त केला. एकाच फोटोत, एकाच जातीचा बिघाड वाढवत नेला की ‘किती वेगळं’ आणि ‘किती वाईट’ हे एकाच गाडीत बसतात. मग काहीही मोजा, गुणांशी जुळणारच. साधा पीएसएनआरसुद्धा (दोन फोटोंच्या पिक्सेलमधल्या फरकाचं माप) एका फोटोपुरता चांगलाच जुळतो. गोंधळ होतो तो वेगवेगळे फोटो आणि वेगवेगळे बिघाड एका टोपलीत घातल्यावर. शेवभाजी किती तिखट हे मोजता येतं, भरीत किती तिखट हेही मोजता येतं. त्यावरून जास्त चांगलं कुठलं हे निघत नाही.

भरीतपार्टी

भरीत. प्रश्नच कुठे आहे.

वाघूर_७२

शेवभाजी. आणि तीही कळण्याच्या भाकरीबरोबर. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

सावदा_स्टुडिओ

मेंदूचं राहू द्या, आधी फोटोचं बघा. तीन चुका ठरलेल्या आहेत.

एक: ‘जेपेग क्वालिटी ५०’ हे माप नाही, ते त्या सॉफ्टवेअरचं बटण आहे. लिबजेपेग या जेपेग बनवणाऱ्या लायब्ररीत ५० म्हणजे मानकातला नमुन्याचा क्वांटायझेशन तक्ता (कुठला बारकावा किती ढोबळ करायचा ते ठरवणारा) जसाच्या तसा. ९० म्हणजे त्या तक्त्यातले आकडे २० टक्क्यांवर, १० म्हणजे पाचपट. फोटोशॉपची पट्टीच ० ते १२ ची आहे. सगळ्या प्रती एकाच लायब्ररीने, एकाच आवृत्तीने बनवा आणि तसं लिहून ठेवा.

दोन: रंगाचं सबसॅम्पलिंग. लिबजेपेग मुळात ४:२:० करतं, म्हणजे रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडून निम्मी. तुमचा विषय हिरव्यावर पिवळी रेघ. हिशोब करा. पानाचा ६० सेंटिमीटरचा भाग ४००० पिक्सेलमध्ये आला तर एक पिक्सेल ०.१५ मिलिमीटरचा. रेघ १ मिलिमीटर रुंद असेल तर ती साडेसहा पिक्सेलची. अॅपने फोटो १६०० पिक्सेलवर आणला की पिक्सेल ०.३७५ मिलिमीटरचा, रेघ अडीच-पावणेतीन पिक्सेलची. रंगाच्या थरात त्याच्या निम्मं, सव्वा-दीड. त्यावर ८ बाय ८ चा ठोकळा बसला की पिवळेपण सगळ्या ठोकळ्यात पसरतं आणि पान नुसतं फिकट दिसतं. म्हणजे तुमच्या पाच क्वालिटी बाजूला राहिल्या, खरं नुकसान आकार लहान करण्यात आहे. प्रयोगात तो दुसरा पैलू घाला, नाहीतर भलत्याच गोष्टीवर ईईजी लावाल.

तीन: दाबलेल्या प्रतीचा सरासरी उजळपणा मूळ प्रतीपेक्षा जरासा जरी हलला, तरी आलटूनपालटून दाखवताना आख्खा पडदा मंद लुकलुकतो. ओझेडवर येणारी लाट मग दिव्याची असते, गुणवत्तेची नाही. प्रत्येक जोडीचा सरासरी उजळपणा मोजून जुळवून घ्या. मॉनिटरचं आपोआप उजळणं, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, रात्रीचा पिवळा मोड, सगळं बंद.

तापी_आळस

रंग गेला तरी पिवळी रेघ हिरव्यापेक्षा उजळ असते, ती ल्युमात (उजळपणाच्या थरात) राहीलच ना? ल्युमा निम्मा होत नाही.

सावदा_स्टुडिओ

राहते, पण पांढुरकी. करपा की धूळ, हा प्रश्न मग बघणाऱ्यावर.

केळीबाग_यावल

याच वाक्यासाठी थांबलो होतो. मंडळी, सल्लागाराला फोटो सुंदर नको आहे, त्याला ‘फवारणी आत्ता की चार दिवसांनी’ हे ठरवायचं असतं. मग चांगला फोटो म्हणजे ज्यावरून निर्णय चुकत नाही तो. त्यासाठी ना गुण हवेत ना ईईजी. ५० पानं रोगट, ५० निरोगी घ्या, दाबलेले फोटो दाखवा, ‘करपा आहे का’ विचारा. रोगट पानं किती पकडली आणि निरोगी पानांवर किती वेळा उगाच ‘आहे’ म्हटलं, दोन आकडे. त्यातून डी-प्राइम (रोगट आणि निरोगी वेगळं ओळखण्याच्या क्षमतेचं माप) काढा. एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमांची गुणवत्ता ठरवताना हाच मार्ग घेतात.

एकच अट: ‘रोगट’ हे फोटोवरून ठरवू नका. पान तोडून, भिंगाखाली बघून, आधी ठरवून ठेवा. आणि फार पुढे गेलेला, पान वाळवणारा करपा घेऊ नका. तो क्वालिटी १० वरही आंधळ्याला दिसतो.

गिरणाकाठ

+१. हा प्रतिसाद धाग्याच्या मथळ्यात हवा होता.

वाघूर_७२

वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. डोक्याला पट्टा लावला की झालं, असे तयार हेडसेट मिळतात. सायटनचा पसारा कशाला?

दहा_वीस

पट्टा बघताना आधी इलेक्ट्रोड कुठे आहेत ते वाचा. म्यूजचे चार: दोन कपाळावर, दोन कानांमागे. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीचं केंद्र आहे, तिथे एकही नाही. इमोटिव्ह एपॉकच्या चौदांत ओ१ आणि ओ२ आहेत, ओझेड आणि पीझेड नाहीत. एसएसव्हीईपीला तो चालून जाईल, पी३०० ला अवघड. सायटनमध्ये इलेक्ट्रोड तुम्ही म्हणाल तिथे लागतात, फायदा एवढाच. नमुने सेकंदाला २५० मिळतात, या कामाला पुरेसे.

कूलर_मे_महिना

वीज आणि उन्हाळा यांवर कुणीच बोललं नाही, म्हणून.

सायटन बॅटरीवर चालतो आणि डेटा बिनतारी येतो. तसंच ठेवा. माणसाच्या डोक्याला जोडलेला बोर्ड चार्जरवर लावायचा नाही, हा सुरक्षेचा नियम आहे, सोयीचा नाही. लॅपटॉपही बॅटरीवर. लाइट गेली आणि खोली इन्व्हर्टरवर आली की स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. ५० सोबत १५०, २५० हर्ट्झची पिल्लं येतात. तेवढी फेरी टाकून द्या, नॉच फिल्टरने (एकच वारंवारिता गाळणाऱ्या) ती धुऊन निघणार नाही. तसा ३ हर्ट्झला ५० चा थेट त्रास नसतो, पण घरघर एवढी वाढली की अॅम्प्लिफायरच भरून जातो, मग ३ हर्ट्झही गेलं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ओलांडतो. घाम म्हणजे मीठपाणी. टाळूवर घाम आला की रेघ संथ झोके घेते, अर्ध्या हर्ट्झच्या खाली. १.५ हर्ट्झचा ताल घेणाऱ्यांना ते जवळ पडतं, म्हणून माझं मत ३ च्या बाजूने. घाम दोन इलेक्ट्रोडांमध्ये पूलही बांधतो. आणि कूलरचा झोत किंवा पंखा थेट वायरींवर नको. वायर हलली की तिचीच लाट येते आणि ती मेंदूपेक्षा मोठी असते. वायरी एकत्र वेणीसारख्या पिळून मानेजवळ कॉलरला टेपने चिकटवा. शक्य असेल तर प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा.

पांझरा_पूल

फार उपयुक्त. त्यात वेळेचं एक जोडतो. सायटनच्या डोंगलमधून डेटा गठ्ठ्या-गठ्ठ्याने संगणकात येतो, त्यामुळे ‘फोटो दाखवला’ ही खूण सॉफ्टवेअरमधून टाकली तर दहा-वीस मिलिसेकंदांनी पुढे-मागे होते. एसएसव्हीईपीच्या उंचीला ते फारसं बाधत नाही, पण फेऱ्यांची सरासरी काढताना फेज बिघडते, आणि पी३०० चं शिखर पसरून बुटकं होतं. उपाय फोटोडायोड, म्हणजे उजेडाचा सेन्सर. पडद्याच्या कोपऱ्यात ४० बाय ४० पिक्सेलचा चौकोन ठेवा, मूळ फोटोला काळा, दाबलेल्याला पांढरा. त्यावर फोटोडायोड आणि वरून काळी टेप, बघणाऱ्याला चौकोन अजिबात दिसता कामा नये, नाहीतर तोच लुकलुकणारा दिवा. डायोड बोर्डाच्या अॅनालॉग पिनेला. तेव्हा अॅक्सेलरोमीटरचा डेटा बंद होतो, त्याची इथे गरज नाही.

डायोडची रेघ करवतीसारखी दातेरी आली तर मॉनिटरचा बॅकलाइट पीडब्ल्यूएमवर (झपाट्याने चालू-बंद करून) मंद केलेला आहे. ब्राइटनेस १०० टक्के करा, बहुतेक वेळा दाते जातात.

पारोळा_पेठ

आलटूनपालटून दाखवण्यावर एक मूलभूत आक्षेप आहे. दोन फोटो एकाच जागी पटापट बदलले की डोळ्याला न दिसणारा फरकही वळवळताना दिसतो. हे इतकं पक्कं आहे की जवळपास बिनतोट्याचं कॉम्प्रेशन तपासण्यासाठी आयएसओ/आयईसी २९१७०-२ मध्ये ही लुकलुक मुद्दाम वापरतात. केळीचा सल्लागार फोटो असा बघत नाही. त्याच्यापुढे एकच फोटो असतो, मूळ तर त्याने पाहिलेलाच नसतो. म्हणजे एसएसव्हीईपीने ठरवलेला उंबरठा व्यवहारापेक्षा फार कडक निघेल. क्वालिटी ९० लाही लाट दिसेल आणि तुम्ही ‘९० सुद्धा खराब’ असं लिहून मोकळे व्हाल.

पांझरा_पूल

हा आक्षेप मान्य. ‘सर्वांत कठोर परिस्थितीतला उंबरठा’ असंच त्याला म्हणावं. त्याच्या वरच्या प्रती बिनघोर पाठवा, एवढं तो सांगतो. खालच्या प्रती वाईटच, असं सांगत नाही.

गिरणाकाठ

आता आपण एकाच गावात आलो.

सातपुडा_पायथा

सगळ्यांचे आभार. वेळेचा हिशोब करून बघितला: ६ फोटो, प्रत्येकी ५ प्रती आणि एक ‘मूळ विरुद्ध मूळ’ अशी कोरी जोडी, म्हणजे ३६ जोड्या. प्रत्येकी १० सेकंद, ४ वेळा: १४४० सेकंद, २४ मिनिटं. मधे ५-५ सेकंद विसावा धरला तर आणखी १२. एकूण ३६ मिनिटं. चालेल?

दहा_वीस

नाही. बीटी.५०० एका बैठकीला अर्ध्या तासाची मर्यादा घालतं आणि ते डोक्यावर काही न लावलेल्या माणसांसाठी. दोन बैठका करा, १८-१८ मिनिटांच्या, मधे चहा. जेल वाळतं म्हणून दुसऱ्या बैठकीआधी इम्पीडन्स पुन्हा बघा. क्रम प्रत्येकासाठी वेगळा फेटा.

‘मूळ विरुद्ध मूळ’ ठेवलंत हे फार छान. तिथेही ३ हर्ट्झला शिखर आलं तर दोष मांडणीत आहे: डायोडचा चौकोन दिसतोय किंवा कुठली तरी वायर गळतेय.

मधोमध एक छोटं अधिकचं चिन्ह ठेवा आणि नजर त्यावरच. अधूनमधून, अनियमित वेळाने, त्याचा रंग बदला आणि किती वेळा बदलला ते मोजायला सांगा. नाहीतर तिसऱ्या मिनिटाला माणूस बाजारहाटाचा विचार करायला लागतो आणि तुमचा अल्फा चढतो. बुबुळ हललं, पापणी मिटली, की १०० ते २०० मायक्रोव्होल्टची उडी येते. एसएसव्हीईपी एक-दोन मायक्रोव्होल्टचा. म्हणून एफपी१ वर शंभरच्या वर गेलेला तुकडा टाकून द्या. चार फेऱ्यांच्या सरासरीने गोंधळ निम्मा होतो, नऊ केल्या तर एक-तृतीयांश. वर्गमुळाचा हिशोब आहे, फेऱ्या दुप्पट केल्याने गोंधळ निम्मा होत नाही.

सुरुवातीला प्रत्येकाला एक मिनिट डोळे मिटायला सांगा. ओ१-ओ२ वर अल्फा ठळक वाढला नाही, तर पुढे जाऊच नका, आधी जोडण्या तपासा.

पारोळा_पेठ

नेत्रतपासणी विसरू नका: चष्म्यासह दूरची नजर, आणि इशिहाराच्या पट्ट्यांवर रंगांधळेपणा. हिरव्या-पिवळ्याचा प्रयोग आहे. शिवाय मिरगीचा इतिहास असेल त्याला घ्यायचं नाही. ३ हर्ट्झ आणि इतका सौम्य फरक असेल तर धोका फार कमी, १५ ते २५ हर्ट्झच्या झगमगाटासारखा तो नाही. तरी विचारणं आणि लेखी संमती हवीच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नैतिकता समितीची परवानगी आधी, मग पहिला इलेक्ट्रोड.

अहिराणी_भो

संमतीना कागद अहिराणीमा छापा भो. नही तं सही करी टाकतीन आन मंग ईचारतीन, ‘डोकाले करंट लागी का?’

दहा_वीस

हे चेष्टेत घेऊ नका, पहिला प्रश्न हाच येतो. कागदावर पहिली ओळ हीच असू द्या: यंत्र डोक्यात काही सोडत नाही, फक्त ऐकतं.

सावदा_स्टुडिओ

बसण्याचं अंतर राहिलं. २४ इंची १०८० चा मॉनिटर असेल तर पिक्सेल ०.२७७ मिलिमीटरचा. डोळा ९५ सेंटिमीटरवर ठेवला की एका अंशात ६० पिक्सेल बसतात. जमिनीवर खडूने रेघ मारा आणि खुर्चीची चाकं काढून टाका. माणूस उत्सुकतेने पुढे झुकतो, ७० वर आला की ठोकळे मोठे दिसायला लागतात, आणि सगळे उंबरठे सरकतात.

सातपुडा_पायथा

मूळ प्रश्न क्रमांक तीनवर परत येतो. माझं ‘गुण सोडता येतील’ हे मत मागे घेतो. नवा आराखडा:

पहिला दिवस एसएसव्हीईपीचा, फक्त ५ आणि ४ मधल्या रेघेसाठी. क्वालिटी ९५, ९०, ८०, ७०, ५० अशी वरच्या बाजूला दाट, कारण ३० आणि १० ला सगळ्यांनाच दिसणार आहे, तिथे डोकं लावण्यात अर्थ नाही. दुसरा दिवस गुणांचा, तीच माणसं, एकेक फोटो, पाच पायऱ्या मराठीत. तिसरा भाग केळीबाग_यावल यांचा, रोगट-निरोगी ओळखण्याचा, पण त्यासाठी सल्लागारच हवेत, विद्यार्थी नाहीत. आकार लहान करणं हा वेगळा पैलू: ४००० आणि १६००.

केळीबाग_यावल

पटलं. तिसऱ्या भागासाठी पानं सप्टेंबर-ऑक्टोबरात गोळा करा, पावसाळी दमटपणात सुरुवातीच्या रेघा भरपूर मिळतात. फोटो सकाळी, सावलीत. भर उन्हात पानाच्या मेणावर चकाकी येते आणि त्या पांढऱ्या पट्ट्यात रेघ मूळ फोटोतच नसते.

गिरणाकाठ

१६०० ची प्रत ४००० शी आलटूनपालटून दाखवणार असाल तर आधी दोन्ही पडद्यावर एकाच मापात आणा, आणि मोठं करायची पद्धत एकच ठेवा. बायक्यूबिक एका फोटोला आणि बायलिनियर दुसऱ्याला असं झालं की ओझेड त्याचाच फरक सांगत बसेल.

सातपुडा_पायथा

नोंदवलं. सहा मूळ फोटोंतले दोन दुपारच्या उन्हातले आहेत, ते आजच बदलतो.